नाट्यपदाशेजारी मेटल: सरमिसळ आवडीबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय बेचाळीस, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझ्या फोनमध्ये नाट्यपदं आहेत, मेटल आहे, पोवाडे आहेत, कन्नड सिनेमातली गाणी आहेत, गझला आहेत. गाडीत बसलेले मित्र म्हणतात, तुला नक्की आवडतं तरी काय? काही गाणी लागली की एखादा जुना दिवस अख्खा समोर येतो. आणि एकेकाळी जिवापाड आवडलेली काही गाणी आता नुसतीच वाजतात. असं का होतं? वडिलांच्या कॅसेटी बुटाच्या खोक्यात पडून आहेत, त्यांचं काय करू? आई अलीकडे बरंच विसरते, तिला काय ऐकवू?"

आधी मित्रांचं बघू, ते सोपं आहे.

मी आता जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्डी डिजिटल करून देतो. पूर्वी कॅसेटी भरून द्यायचो. तुमच्या वडिलांना हे माहीत असणार. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचं, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन-तीन दिवसांनी कॅसेट घेऊन जायचं. कायद्याच्या नजरेतून तो धंदा फारसा सोवळा नव्हता, पण गावोगावी चालायचा. त्या याद्या वाचायला मिळाल्या म्हणून सांगतो, एका जातीची यादी क्वचितच यायची. वरती अभंग, मग एखादं नाट्यपद, लगेच खाली किशोरकुमार, त्याच्याखाली लावणी, मध्येच एक कव्वाली. बाजू संपायला तीन-साडेतीन मिनिटं उरली की "काहीतरी बारकं टाका" म्हणून शहनाईची धून नाहीतर सिनेमातलं बिनशब्दांचं संगीत. तालमीत जाणारा पोरगा नाट्यपदं भरून न्यायचा आणि संस्कृत शिकवणारे मास्तर तमाशापटातली गाणी. तुम्हाला नक्की काय आवडतं, असं त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॅसेट त्यांची, पैसे त्यांचे.

हा प्रश्न कोल्हापुरात तर कुणी कुणाला विचारूच नये. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, शेजारी-शेजारी उभं केलं. १९१५ साली थिएटर सुरू झालं. म्हणजे एका अंगाला ऑर्गनच्या साथीने नाट्यपदाची आलापी आणि दुसऱ्या अंगाला कुस्तीची हलगी, घुमकं, कैताळ. दोन्हीकडचा प्रेक्षक बऱ्याच अंशी एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा हळहळणाऱ्यांत पैलवान होते, बेंजो पार्टीवाले होते आणि ख्याल गाणारेही होते. महाराजांच्या दरबारात गायक कोण, तर जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब. तेच महाराज शाहिरांनाही मान द्यायचे.

तुमचं नाट्यपद तरी कुठं एकजिनसी आहे? किर्लोस्करांच्या नाटकांत १८८० पासून साकी-दिंडी या मराठी छंदांच्या जोडीला कर्नाटकी चाली होत्या. पुढे १९११ मध्ये 'मानापमान'ला चाली देताना गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचं वळण आणलं. हेच टेंबे पुढे प्रभातच्या पहिल्या बोलपटात, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये, हरिश्चंद्र झाले आणि त्याचं संगीतही त्यांनीच दिलं. तो बोलपट इथेच, कोल्हापुरात तयार झाला. पेटीवाला माणूस, नाटकात गेला, सिनेमात गेला, खाँसाहेबांचं गाणं कायम डोक्यावर घेऊन हिंडला. त्यांच्या फोनमधली यादी कशी असती, विचार करा.

अजून एक उदाहरण देतो, मित्रांच्या तोंडावर मारायला चांगलं आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली. तीत खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर बाख आहे, बीथोव्हन आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. संगीताचे एकूण २७ तुकडे, वेळ साधारण नव्वद मिनिटं. म्हणजे नव्वदची भरून घेतलेली कॅसेटच झाली ती.

समाजशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलंय. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या दोघांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पाहण्यांची आकडेवारी मांडली. उच्चभ्रू रसिक म्हणजे फक्त शास्त्रीय ऐकणारा, ही समजूत तिथे मोडत चालली होती. शास्त्रीय आवडणारी माणसंच इतर दहा प्रकार ऐकत होती आणि दहा वर्षांत ते प्रमाण वाढलं होतं. त्यांनी या रसिकांना 'सर्वभक्षी' म्हटलं. शब्द जरा राक्षसी आहे, पण तुम्ही त्यात बसता.

मात्र एक सांगतो, रागावू नका. "मी सगळं ऐकतो" म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांकडे सगळं वाजत असतं, एवढंच. मेटल लॅपटॉपच्या पिचक्या स्पीकरवर लावून त्यात काय आहे ते कळत नाही, तळाचा ढोल आणि बास तिथे पोचतच नाहीत. विलंबित ख्याल भांडी घासताना लावला तर समेपर्यंत लक्ष टिकत नाही. पोवाडा अर्ध्यात तोडला तर शाहिराने पहिल्या चौकात, म्हणजे पहिल्या भागात, रचलेलं पुढे कुठे फेडलं ते हातात येत नाही. आवड पाच प्रकारची असली तर पाच प्रकारांनी बसून ऐकावं लागतं. आणि डॉल्बीच्या भिंतीसमोर छाती हादरते ती आवड या सदरात मी धरत नाही. त्याबद्दल गणपतीत बोलू, आत्ता नको.

आता आठवणींकडे येतो, खरा मामला तिथे आहे.

अमेरिकेतल्या डेव्हिस विद्यापीठात पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ते आठ ते अठरा वर्षांचे असतानाच्या काळात गाजलेल्या गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि मेंदूचं चित्रण केलं. गाण्याने स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं की कपाळामागचा मधला भाग जागा व्हायचा. स्वतःबद्दल विचार करताना जो भाग कामाला लागतो, तोच भाग गाण्याची चालही धरून ठेवतो असं त्यांना दिसलं. म्हणजे तुम्ही गाणं एका कप्प्यात आणि दिवस दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलाच नाही.

कुठल्या वयातली गाणी जास्त चिकटतात, हेही बऱ्यापैकी ठरलेलं आहे. साधारण दहा-बारा ते पंचवीस. त्या वयात सगळंच पहिल्यांदा घडत असतं. पहिली सायकल, पहिलं वसतिगृह, पहिल्यांदा कुणीतरी बघून न बघितल्यासारखं केलेलं. पण मला त्याहून रंजक वाटलं ते २०१३ चं संशोधन, कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचं. विशीतल्या पोरांना त्यांनी जुनी-नवी गाणी ऐकवली. पोरांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटणारच, पण आलेखात दुसरा एक उंचवटा निघाला, आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांचा. घरात वाजलेलं पोरांनी आपलंच करून टाकलं होतं.

तुमची यादी आता पुन्हा बघा. नाट्यपदं कुणाची? वडिलांची, किंवा त्यांच्याही वडिलांची. कन्नड गाणी कुठून आली? माझा अंदाज, आजोळ निपाणी-बेळगावकडचं नाहीतर गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातलं असणार. तिकडे घराघरात रात्री रेडिओचा काटा सांगलीवरून सरकून धारवाडवर जायचा. पोवाडे शाळेतल्या शिवजयंतीचे. मेटल तुमच्या कॉलेजच्या खोलीतल्या कुणातरी दोस्ताचं, ज्याच्याकडे पहिला चांगला हेडफोन होता. गझला कशा आल्या ते मी विचारत नाही. यादी विस्कळीत दिसते, कारण ती माणसांमार्फत तुमच्यापर्यंत आली. जिची सगळी गाणी एका जातीची, ती यादी बहुतेक वेळा एकाच माणसाकडून किंवा एकाच काळातून आलेली असते. त्यात कमी काही नाही, पण भारीही काही नाही.

मग काही गाणी निर्जीव का झाली? तुम्ही ती फार वाजवलीत.

स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात, एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी जोडल्या जातील तितकी ती खूण प्रत्येक गोष्टीसाठी कमजोर होते. एखादं गाणं तुम्ही बारावीच्या सुट्टीत पन्हाळ्यावरच्या धुक्यात ऐकलं आणि नंतर फारसं ऐकलंच नाही, तर ते लागलं की पन्हाळाच येणार, दुसरं येणार काय? तेच गाणं नंतर गजराला लावलं, जिममध्ये लावलं, कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये लावलं, की पन्हाळ्यावर ट्रॅफिक चढतं. रेडिओच्या काळात ही रेशनिंग आपोआप व्हायची. सांगली केंद्र १९६३ ला सुरू झालं. तेव्हापासून कॅसेट घरोघरी पोचेपर्यंत आवडतं गाणं कधी लागेल ते निवेदकाच्या हातात होतं. महिन्यातून एकदा कानावर पडायचं, चालती कामं थांबायची. आज बोटाच्या टोकावर आहे म्हणून दिवसाला दहा वेळा ऐकतो आणि महिन्याभरात त्याचा चोथा होतो.

म्हणून माझा सल्ला अगदी कोरडा आहे. ज्या गाण्यांना एखादा दिवस किंवा माणूस चिकटलेला आहे ती रोजच्या यादीतून काढा आणि वेगळी ठेवा. ठरवूनही फार लावू नका, वर्षातून एखाद-दोनदा पुरे. गजराला आणि रिंगटोनला तर कधीच नको, आवडत्या गाण्याची माती करायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. जी आधीच गुळगुळीत झाली आहेत ती दोनेक वर्षं बाजूला ठेवून बघा. काही परत येतात. काही येत नाहीत, त्यांना गाणं म्हणूनच ऐका, चाल चांगली असेल तर तेही पुष्कळ आहे. आणि एखाद्या गाण्याला वाईट दिवस चिकटला असेल तर उलटं करता येतं. ते मुद्दाम चांगल्या संगतीत, वेगवेगळ्या ठिकाणी वाजवत राहा. खूण पातळ होण्याचा नियम इथे उपयोगी पडतो. पण जखम ताजी असेल तर ही घाई करू नका.

आता बुटाचं खोकं.

ते उघडलं की कॅसेटींचे तीन प्रकार दिसतील. कंपनीच्या छापील, दुकानात भरून घेतलेल्या आणि घरी रेकॉर्ड केलेल्या. छापील शेवटी ठेवा. त्यातली बहुतेक गाणी कुठे ना कुठे चांगल्या प्रतीत मिळतात. भरून घेतलेल्यांमध्ये गाणी महत्त्वाची नाहीत, क्रम महत्त्वाचा आहे. एक गंमत करून बघा. वडिलांच्या कॅसेटमधलं एखादं गाणं यूट्यूबवर लावा. ते संपलं की तुमच्या डोक्यात आपोआप पुढचं गाणं सुरू होईल, जे सिनेमात, रेकॉर्डवर, कुठेच त्याच्यापुढे नव्हतं. ते फक्त वडिलांच्या यादीत होतं. म्हणून डिजिटल करताना गाणी सुटी कापू नका. अख्खी बाजू एका फाइलीत ठेवा, मधल्या खटक्यासकट. आतल्या कार्डावर वडिलांचं अक्षर असेल तर त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.

घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी सगळ्यात आधी. नाव न लिहिलेल्या तर त्याहूनही आधी. त्या कोऱ्या समजून लोक फेकून देतात आणि आवाज सापडतात ते नेमके त्यांतच.

एक प्रसंग सांगतो. एका गृहस्थांनी अशीच बिननावाची कॅसेट आणली. त्यांच्या आईने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भावगीत रेकॉर्ड केलं होतं. पहिला अंतरा स्वच्छ. दुसरा सुरू होताच दाराबाहेर किटलीचा आवाज, गवळ्याची हाक, आणि माईकच्या अगदी जवळून आईचा दबका आवाज: "पातेलं आत हाय, घे की, मला बोलू देऊ नको." मग पायांचा धप्पधप्प आवाज, पातेल्याचं झाकण पडलं आणि त्यावर आई हसली. हसू दाबायचा प्रयत्न ऐकू येतो, जमलेला नाही. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, हा गोंगाट कमी करू का? त्यांनी डोकं हलवलं आणि म्हणाले, गाणं कमी करता आलं तर बघा. ते थोडंफार करता आलं. आईचा आवाज मधल्या पट्टीत होता, तिथला भाग जरा उचलला. धप्पधप्प करत पातेलं आणणारे पाय त्यांचे स्वतःचे होते, वय वर्षं नऊ.

म्हणून सॉफ्टवेअरने खरखर पुसायच्या नादी फार लागू नका. जोरात पुसलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ज्या खोलीत रेकॉर्ड केलं तिचा आवाजच निघून जातो. मूळ फाइल हात न लावता जपा. साफ करायचं तर तिच्या प्रतीवर करा.

कामाच्या गोष्टी पटापट सांगतो. आपल्याकडच्या पावसाने टेपच्या कडेला पांढरी बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून बघा. दिसली तर ती कॅसेट कुठल्याही डेकमध्ये घालू नका, डेकही खराब होईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटीही. ते काम जाणकाराकडे द्या. बुरशी नसेल तर वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. एकशेवीसची असेल तर ते अलगद करा, तिची फीत पातळ असते, गुंडाळली की गेली. फितीच्या मागची बारकी फेल्टची गादी पडलेली असेल तर आवाज येतो-जातो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची गादी तिथे बसते. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर बहुतेक वेळा डेकमधलं फीत वाचणारं हेड किंचित कललेलं असतं. हेडजवळचा बारका स्क्रू ऐकत-ऐकत केसभर फिरवायचा, 'स' आणि 'श' नीट सुटे ऐकू आले की थांबायचं. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अत्तर-स्पिरिट नको. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे जण चिरक्या आवाजात भराभर बोलत असतील तर रेकॉर्ड करताना सेल उतरले होते असं समजा. त्यात रेडिओवरचं एखादं गाणं असेल तर मूळ गाण्याच्या पट्टीशी जुळवून वेग सुधारता येतो.

फाइल वेव्ह प्रकारात ठेवा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ फाइल तासाला साधारण सहाशे एमबी होते, आजच्या काळात किरकोळ आहे. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक तुमच्या घराबाहेर असू द्या. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. आणि डिजिटल झालं म्हणून कॅसेट टाकू नका.

राहिली आई. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पंच्याहत्तरच्या आसपास धरतो. जन्म १९५० चा धरला तर १९६० ते १९७५ मधली गाणी शोधा. त्यापुढे तिच्या लहानपणी घरात जे होतं ते: जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळ, 'गीतरामायण'. ते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं प्रसारित झालं. ती तेव्हा लहान होती, पण नंतर वर्षानुवर्षं घरोघरी वाजत राहिलं. त्याला चाली देणाऱ्या बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे इथल्या घरांत त्याचं कौतुक जरा जास्तच. माहेर कुठलं ते बघा. जोतिबाच्या डोंगरावरच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्या घरातली असेल तर चांगभलंच्या गजरातली गाणी सिनेगीतापेक्षा आत पोचतील. कन्नड तिच्याकडूनच आलं असेल तर तेही लावा, शब्द ती तुमच्यापेक्षा बरोबर म्हणेल.

विसर पडलेल्या माणसांनाही जुनी गाणी बऱ्याचदा शब्दांसकट येतात, हे मी माझ्या कामात पाहिलंय आणि डॉक्टरही सांगतात. त्याने आजार बरा होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. सकाळी किंवा दुपारच्या चहानंतर, टीव्ही बंद करून, एका वेळी दोन-तीन गाणी पुरे. "हे कुणाचं गाणं, ओळख बघू" अशी परीक्षा घेऊ नका. ती मध्येच बोलायला लागली तर आवाज कमी करा. एखाद्या गाण्याला अस्वस्थ झाली तर कारण न विचारता ते यादीतून काढा. वडिलांच्या कॅसेटच्या अख्ख्या बाजूची फाइल तयार झाली की तीही लावून बघा. पुढचं गाणं कुठलं ते कदाचित ती तुमच्याआधी म्हणेल.

खोकं माझ्याकडे आणायचं असेल तर मिरगाच्या आत आणा, कॅसेटी उभ्या लावून. गाडीत मागच्या मोठ्या स्पीकरवर ठेवू नका, त्यात चुंबक असतो. आणि मेटलच्या दोन-तीन चांगल्या गोष्टी पेन ड्राइव्हवर घालून आणा, माझं त्यातलं ऐकणं तसं कमीच आहे.